सहादेवाची थोरली

९ मार्च १९७१
दारावर गेरूनं आकडा टाकून गेले. शिरगणती आहे म्हणे. धाकट्या बहिणीनं, रतननं सांगितलं. तिच्याच जुन्या वहीच्या मागच्या पानांवर मी हे लिहिते.

१४ मार्च, रविवार
रतनला बघायला श्रीगोंद्याचे पाव्हणे आले होते. आईनं मला पहाटेच कोठीच्या खोलीत बसवलं. बाहेरून कडी. तिसरीत होते तेव्हा तापात दोन्ही पाय गेले. तेव्हापासून कुणी आलं की माझी जागा हीच — ज्वारीच्या पोत्यांमागं. आता बाविसावं लागलं.
पाव्हण्यांनी विचारलं, "पोरी किती?"
माझे वडील, दादा, म्हणाले, "ही येकच. थोरली ल्हानपनीच वारली."
सुपात हरभरा होता. निवडत राहिले.

१५ मार्च
रतन पसंत पडली. गूळ वाटला. मलाही दिला. गोड लागला — खोटं कशाला लिहू!

१८ मार्च
आज मी काय केलं!
शाळेतले यज्ञेश्वर गुरुजी कागद घेऊन ओट्यावर बसले. मी आत, कडी लावलेली.
"घरात माणसं किती?"
"तीन. मी, कारभारीन आन् पोरगी."
पाव्हण्यांसाठी मेले, ते सोसलं. आता सरकारच्या कागदावरही? मी तांब्या उचलला आणि दारावर आपटला. आपटतच राहिले.
"आत कोण आहे?"
"कोन न्हाई गुरुजी. मांजर आसंल."
मी ओरडले, "मी हाय! गोजर! सहादेवाची थोरली!"
दादा म्हणाले, "भरमिष्ट हाय ती. तिचं काय लिवता?"
गुरुजी म्हणाले, "सहादेवराव, कडी काढा."
काढली. मी सरकत उंबऱ्याशी आले. गुरुजींनी नाव विचारलं, वय विचारलं — मला! दादांना नाही. "लिहिता-वाचता येतं?"
"कुटलं वो!" दादा म्हणाले.
मी हात पुढं केला. गुरुजींनी पेन दिलं. नाव लिहून दाखवलं. मग काम विचारलं. धान्य निवडते, दळते, गावाच्या गोधड्या शिवते. एवढं सांगेपर्यंत मलाच कळलं नव्हतं मी किती करते ते.

१९ मार्च
रतन बोलत नाही. एवढंच म्हणाली, "माझं लगीन मोडलं तर तुझ्यामुळं."
मोडेलही. पण म्हणून मी मेलेलीच राहायचं?

२८ मार्च
दादांनी मला मळ्यातल्या खोपीत आणून टाकलं. गावात माझं नाव निघतंय, पाव्हण्यांच्या कानावर जाईल म्हणून. पाठीवर घेऊन आले, लहानपणी जत्रेला न्यायचे तसंच. चढाला धाप लागली त्यांना. खाली ठेवताना म्हणाले, "लगीन हुस्तवर ऱ्हा, पोरी." माझ्याकडं पाहिलं नाही.
घागरभर पाणी, फडक्यात भाकरी. वही पदराखाली आणली.

३० मार्च
पाणी संपलं. विहिरीपर्यंत सरकत गेले. कोपरं सोलली. बसूनच पोहरा ओढला. अर्धा सांडला, अर्धा प्याले.

३१ मार्च
कुणी आलं नाही.

२ एप्रिल
गुरुजी उन्हातून चालत आले! दुसरी फेरी होती — मधल्या दिवसांत कोण जन्मलं, कोण गेलं, ते विचारायची. घरी दादांनी सांगितलं, "थोरली वारली. तिचा कागुद फाडा."
आणि आई बोलली. गुरुजी सांगत होते, मला खरंच वाटेना. परक्या माणसापुढं जिनं कधी चुलीपासून मान वर केली नाही, ती दारात येऊन म्हणाली, "वारली न्हाई. मळ्यात टाकलीया. जावा, बगून या."
गुरुजींनी दोनदा विचारलं, "बरी आहेस ना?" मी नुसती मान हलवली. रडत होते.

३ एप्रिल
आई आली. डोक्यावर बोचकं, कडेला हंडा. परत कधी जाणार म्हणून विचारलं. "जायाचं न्हाई," म्हणाली.
चूल मांडायला दगड शोधतेय.