वर नुसता नमस्कार

येडगाव

चि. कपिल,
सप्रेम जय भीम.

मोर्चात बोललास म्हणून तुला आत टाकलं, त्याला वरीस झालं. आत तुला पोलिसांनी मारलं म्हणून मी तक्रार केली. काल तुरुंगातनं तुझं पत्र आलं. पाकीट फोडून परत चिकटवलेलं. 'मी मजेत आहे, मारहाणीची तक्रार मागं घे.' अक्षर तुझंच, पण वर नमस्कार? माझ्याशी भांडून आळेफाट्याला गेलास, त्या चिठ्ठीतबी आधी जय भीम व्हतं. कोण उभं व्हतं रं तुझ्या डोक्यावर?

हे पत्र धाडायचं न्हाई, तिथं सगळं वाचत्यात. उद्या दुसरं धाडीन. त्यात 'तक्रार मागं घेतली' असं लिहीन, आन् वर मीबी नमस्कारच घालीन.

तुझी आई,
द्रौपदा