वनजाक्षीच्या फायलींची नावे

३ फेब्रुवारी, म्हैसूर
एकवीस तारखेला पत्नी वनजाक्षीचे वर्षश्राद्ध. सिंचना डब्लिनहून येणार. आईने तिच्यासाठी फोनमध्ये बोलून ठेवलेल्या पाककृती लेकीला सुव्यवस्थित स्वरूपात सुपूर्द करण्याचा संकल्प मी केला आहे. एकूण ४१२ फायली. नावे शोचनीय: ‘गोज्जू’ (तिचे आंबटगोड कालवण), ‘गोज्जू चुकला’, ‘गोज्जू खरा’, ‘हे अप्पांना ऐकवू नको’. पर्ल या संगणकभाषेत स्क्रिप्ट लिहून सर्व नावे एका साच्यात आणीन. तीस वर्षे संगणक विभाग सांभाळला आहे. एका दुपारचे काम.

६ फेब्रुवारी
दुपार पुरली नाही. दोष चष्म्याचा. नव्या नावात केवळ ध्वनिमुद्रणाची तारीख असेल. वेळ घालणे म्हणजे पसारा. एका दिवशी तिने एकच पदार्थ सांगितला असणार.

९ फेब्रुवारी
पूर्वी माझ्या हाताखाली असलेला हालप्पा आला. म्हणाला, “सर, आधी नुसती जुनी-नवी नावं छापून बघा. त्या नावाची फाइल आधीच आहे का, तेही तपासा. पर्ल विचारत नाही हो, आहे तिला पुसून दुसरी बसवतं.” प्रती काढल्यात ना, असेही विचारले. दोन प्रतींनी गोंधळ वाढतो, म्हणून फोनमधल्या कालच पुसल्या, असे सांगितले. “मॅडम असत्या तर तुम्हाला हात लावू दिला नसता,” म्हणाला. कॉफी अर्धी ठेवून गेला.

११ फेब्रुवारी, सकाळी ११.१०
स्क्रिप्ट चालवली. दोन सेकंद. एकही त्रुटी नाही.

११.२५
फोल्डरमध्ये ९६ फायली. उर्वरित अन्यत्र गेल्या असाव्यात.

१४ फेब्रुवारी
अन्यत्र नाहीत. हालप्पाने दोन दिवस डिस्क धुंडाळली. स्क्रिप्ट वेळेच्या क्रमाने चालल्याने दर दिवसाचे शेवटचे बोलणे तेवढे उरले. एका अर्थी हे संपादनच झाले. सिंचनाला फोनवर तसे कळवले. तिने एवढेच विचारले, “अप्पा, ‘गोज्जू खरा’ आहे ना?”

२० फेब्रुवारी
सिंचना आली. दोघे ऐकत बसलो. बऱ्याच फायलींत पाककृती नाहीच. बाराव्या फायलीत वनजाक्षी म्हणते, “अहो, झालं माझं सांगून. हे बंद कसं करायचं? या ना जरा.”
मागून माझा आवाज: “दोन मिनिटं. कामात आहे.”
पुढे भांड्यांचा आवाज, तिचे खोकणे. फाइल एकोणीस मिनिटांची आहे. शेवटपर्यंत ऐकली.
मी आलेलो नाही.