गुडघ्यांसाठी घोरपड

डोंगरकडा,
सप्टेंबर १९३८

चि. वत्सला हिस आशीर्वाद.

मी खुशाल आहे. पेन्शनीत या गावी राहायला आले त्याचे फळ भोगते, इतकेच. माझे गुडघे दुखतात हे कळताच शेजारच्या सटवाजीने तेल काढण्यासाठी जिवंत घोरपड बांधून आणली.

“चोळा बाई तेल, पळाया लागता का न्हाई बघा. पण काहून जवळ येऊन राहिल्या? फुंकर लई इखारी हाय हिची.”

म्हणजे फुंकर विषारी आणि चरबी औषध. उंदीर खाऊन याच्याच शेताची राखण करणारे जनावर ते. मी विळ्याने दोर कापला. तिने त्याच्या नडगीवर शेपटीचा फटका ओढला आणि कडुनिंबावर चढली. या गावात इतके शहाणे वागणे मी प्रथमच पाहिले.

तुझा खोकला कसा आहे? माझी काळजी नको. दिवाळीला येताना मला टेकायला एक भक्कम काठी आण, सटवाजीला दिसणार नाही अशी गुंडाळून.

तुझी,
आक्का