नाव न विचारणारं गाव

पेरणी महिना, पहिला दिवस

पोचले. कार्दोम वाटलं होतं त्याहून सुंदर आहे. चढावर दगडी घरं, आणि प्रत्येक दाराला दोरीनं बांधलेली लोखंडी पळी. इथं दारात उभं राहून कोणी हाक मारत नाही, पळीनं दार वाजवतात. मला ओर्सामावशींकडे वरची खोली मिळाली आहे. माझी कुदळ आणि पहार पाहून त्या म्हणाल्या, "हत्यारं तुझ्याहून वजनदार दिसतात गं." मग बार्लीची पेज तीनदा वाढली.

आमच्या नदीकाठी मेलेल्यासोबत पुरलेलं सामान सात वर्षांनी उकरून घरच्यांना परत देतात; आमच्या घरात तीन पिढ्या हेच काम आहे. मिठाच्या देशात उकरणाऱ्याचे हात तोडतात म्हणे. इथं वर्षभरातच सामान काढतात, आणि त्याला परगावचंच माणूस लागतं. गावप्रमुख वेल्दान यांना आईचं शिफारसपत्र दिलं. त्यांनी ते न उघडता परत केलं. हात बघू, कागद कशाला, म्हणाले. नाव कोणीच विचारलं नाही. सगळे मला 'पाहुणी' म्हणतात.

तिसरा दिवस

पहिलं थडगं, भर दुपारी. घरचे कुंपणाबाहेर पाठ करून उभे राहिले आणि ताटं-पातेली बडवू लागले. काम संपेपर्यंत कोणी तोंडातून शब्द काढला नाही. अजब रीत आहे, पण रीत ती रीत.

आईनं शिकवलंय, हात लावण्याआधी मेलेल्याला आपलं नाव सांगायचं. चोर नाव सांगत नाही. आपण सांगतो, म्हणून आपण चोर नाही. ते सोडलं तर मला रात्रभर झोप लागणार नाही. त्या गोंगाटात कोणाला ऐकू जाणार नव्हतं म्हणा. वाकून म्हटलं, मी नेविरा, उस्मेची लेक, तोल्काची नात. आत सहा वर्षांची मुलगी होती. लहान पोरांच्या लक्षात मोठी नावं राहत नाहीत, म्हणून तिला माझं घरचं नावही सांगितलं: झिंगुली. मग तिच्या हातातला चांदीचा घोडा अलगद सोडवून घेतला.

सहावा दिवस

आजवर पाच थडगी झाली. पलंगाखाली पुरुषाचे बूट सापडले, चांगले, तेल लावलेले. मावशी म्हणाल्या, आधीच्या उकरणाऱ्याचे. एके दुपारी त्याचा भाऊ न्यायला आला आणि तो गेला. अनवाणी का गेला, असं विचारलं तर त्यांना एकदम चूल आठवली.

आठवा दिवस

पाववालीला सहज विचारलं. ती म्हणाली, "भाऊ कुठला? तो तर लहानपणीच बुडाला, त्यानंच सांगितलेलं." मग मागून कोणीतरी खाकरलं आणि ती पाव मोजायला लागली. कुंपणालगत एक नवं थडगं आहे, त्यावर खूण नाही. ते त्याचंच असावं.

मावशी रोज संध्याकाळी विचारतात, तुझ्याकडे कोणी आलं होतं का? मला कोणी शोधत येणार आहे का, हे त्यांना कशाला हवं? शोधणारं कोणी नाही, याची खात्री करून घेतात का?

दहावा दिवस

पेजेला वेगळाच वास येत होता. मांजराला घातली. मांजर ठणठणीत आहे. मला माझीच लाज वाटली. तरी दाराला खुर्ची लावून ठेवली.

आज अकरावं थडगं. वेल्दान माझ्या ओठांकडे बघत होते.

बाराव्या दिवशी, सकाळी

राहवलं नाही. मावशींना म्हटलं, माणसाला कुत्र्यासारखं बिननावाचं ठेवता, मग उद्या पुरून टाकलंत तर दगडावर काय लिहाल? माझं नाव ऐका, म्हटलं. तर त्यांनी पिठाच्या हातानं माझं तोंडच दाबलं.

मग विचारलं, "आत कुणाला सांगितलंस?"

खोटं बोलता आलं नाही. सगळ्यांना, म्हटलं. अकरा.

त्या खालीच बसल्या. म्हणाल्या, "अगं बाई, नेणाऱ्याला नाव नसलं तर मेलेल्यानं मागायचं कुणाकडे? म्हणून तर परकं माणूस आणतो आम्ही. म्हणून तर ताटं बडवतो." आधीच्यानं एकदाच, दारूच्या नशेत गंमत म्हणून, नाव सांगितलं होतं. ज्याला सांगितलं, त्याच्याच थडग्यात तो सापडला. वरचा दगड जागच्या जागी होता.

मी विचारलं, मला हे आधी का नाही सांगितलं? तर म्हणाल्या, "सांगितलं की कोणी येत नाही."

मी त्यांच्यावर विषाचा संशय घेतला होता. घ्यायला हवा होता तो दुसराच.

दुपारी

मावशी खिंडीतून गाडी आणायला गेल्या आहेत. उद्या सकाळी येतील. बजावून गेल्या: नाव हाती आलं की मेलेले आवाज कुणाचाही काढतात. हाकेला ओ देऊ नकोस. कडी तू आतून काढल्याशिवाय ते आत येत नाहीत. मी परतले की पळी वाजवीन.

तेरावा दिवस

उजाडल्यापासून हाका. मावशींचा आवाज. नेविरा, गाडी आली. पण मावशींना माझं नाव माहीत नाही. ऐकलंच नाही त्यांनी. पळीही वाजली नाही—

मग वेल्दान. मग पाववाली. नेविरा, उस्मेची लेक—

मी ओ दिली नाही.

दुपार

गाडी नाही. हाका थांबल्या. दारापुढे ओली माती आहे का, ते खिडकीच्या फटीतून दिसत नाही—

थोड्या वेळानं

आई. आईचा आवाज. फसणार नाही. तिचं नाव मीच सांगितलंय त्यांना, आजीचंही—

ती रडते आहे. म्हणते, झिंगुली, दार उघड गं—

झिंगुली. हे नाव आईशिवाय कोणाला ठाऊक नाही. प्रत्येक थडग्याशी तीनच नावं घेतली, माझं, आईचं, आजीचं. हे नाही. म्हणजे ही खरंच—

खाली जाऊन कडी काढून आले. ती जिना चढते आहे. आईला गुडघ्यांमुळे वेळ लागतोच. तोवर मनाच्या खात्रीसाठी मागची पानं चाळते.

पावलं फार हलकी आहेत.

तिसरा दिवस. सहा वर्षांची मुलगी. तिला मी—