‘पानी’ माझं, ‘शाला’ त्याची

९ ऑगस्ट, सोमवार

चि. धाकटीस थोरलीचे आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक. दुकानात इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग, मालकाचं डोकं इस्त्रीहून तापलेलं. तुम्ही दोघं तिकडे कामाला, पण तुझी पोर इथे माझ्याकडे पोटभर जेवते. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. अडखळलीस तर मोठ्याने वाच, कळेल.

मागे शाळेतल्या बाईंनी बोलावलं होतं. पोर ‘पानी’ लिहिते, ‘शाला’ लिहिते. बाई म्हणाल्या, "ऐकते तसं लिहिते. ‘पानी’ तुमच्याकडचं, तुम्ही ‘ण’चा ‘न’ करता; ‘शाला’ वडिलांकडची, त्यांच्या भाषेत ‘ळ’ नाही." पुढेही काही सांगत होत्या, पण मला कुठला धीर. दुकानात कामं पडलेली. उठले नि निघाले. फाटकापर्यंत येता येता माझं ‘पानी’ मी गिळलं आणि सगळं खापर तुझ्या नवऱ्यावर फोडलं. घरी येऊन पोरीला बजावलं, बापाची भाषा या घरात नको.

आता ती लिहीतच नाही. पेन्सिल धरून विचारते, "मावशी, हा शब्द तुझा की बाबांचा?"

"लिही गं मुकाट्याने."

नाही लिहीत.

काल सकाळी बाई बाजारात भेटल्या. "तुम्ही त्या दिवशी ऐकूनच घेतलं नाहीत. घरात दोन भाषा असल्या की सुरुवातीला असं होतंच, पुढे सुटतं. दोघांनी तिच्याशी भरपूर बोला, एवढंच सांगायचं होतं." मी भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेत राहिले.

तू विचारलंस, पोर बापाशी फोनवर बोलत का नाही, रुसलीय का. रुसली नाही. मीच देत नाही. दर रविवारी तो मोडक्यातोडक्या मराठीत विचारतो आणि मी सांगते, झोपलीय. सुरुवातीला ती मागून म्हणायची, "मी जागी आहे की." आता फोन वाजला की आपणहून अंथरुणावर जाऊन पडते, डोळे घट्ट मिटून. मावशी खोटी पडू नये म्हणून.

कालही पडली. बाईंचं ऐकून आलेली मी, तरी तोंडातून तेच निघालं.

त्याला तूच सांग, माझी जीभ उचलत नाही. काय शिव्या घालायच्या त्या घालू दे, त्याच्या भाषेत घातल्या तरी कळतील मला. पण रविवारी फोन कर म्हणावं. पोरीला मी उठवते.

अजून म्हणत असशील तर,
तुझी ताई