फिलोमिनाच्या पडवीतली ऐरण

८ डिसेंबर
पार्सल आलं. ऐरण मुठीत मावते. हातोडीचा दांडा पेन्सिलीहून थोडा जाड. मोबाइलवर सगळ्यांत स्वस्त हीच जोडी होती.
ह्यांच्या छोट्या गलबताचा पितळी नांगर करायचाय. शीड, डोलकाठी, सुकाणू, सगळं ह्यांच्या हातचं. नांगर तेवढा राहिला आणि फेब्रुवारीत हे गेले. वर्षश्राद्धाला आमचा मुलगा नितीन येईल तेव्हा गलबत पुण्याला नेणार, काचेच्या कपाटात ठेवायला. त्याआधी व्हायला हवा.
मोठ्या जाऊबाईंनी खोका बघितला. "वर्साच्या आत नवी वस्तू घरात हाडूक नाय. परत धाड ती."
खोका बंद केला. परत मात्र पाठवणार नाही.

९ डिसेंबर
शेजारच्या फिलोमिनाला कुंपणावरून सांगितलं. ती म्हणाली, "मगे माझ्याकडे ठेय गो शालन. माका खंय वर्स पाळूचा आसा?"
ऐरण तिच्या पडवीत, तिची म्हणून. जाऊबाईंना चक्क चाललं! फिलोमिना म्हणते, "ऐरण माजी, ठोके तुजे."

११ डिसेंबर
स्वस्त ते स्वस्तच. पहिल्याच ठोक्याला हातोडीचं डोकं निघून फिलोमिनाच्या कोंबड्यांत. बांबूची पाचर मारली, घट्ट झालं. ऐरणीचं तोंड खडबडीत, तो खडबडीतपणा पितळेवर उमटतो. ओली वाळू टाकून दगडावर घासली. दुपार गेली. आता त्यात बोट दिसतं, अंधुक.

१५ डिसेंबर
पितळेची पट्टी चिरली.

१६ डिसें.
दुसरीही. जोर कमी केला तरी. अंगठा सुजलाय.

१९ डिसें.
कळलं!! पितळ ठोकून ठोकून कडक होतं, मग चिरतं. मधेमधे लाल करून पाण्यात टाकायचं, पुन्हा मऊ. मोबाइलवर एकाने दाखवलं. फिलोमिनाच्या चुलीत करवंट्यांचे निखारे केले, पट्टी सांडशीत धरली. पाण्यात चुर्र झालं आणि खरंच, बोटांनी वाकली. मी मोठ्याने ओरडले म्हणे. मला आठवत नाही.
वर्षाच्या आत एवढं बरं वाटावं का, माहीत नाही. वाटलं.

२६ डिसें.
फिलोमिनाकडे नाताळचे पाहुणे. तरी एक कोपरा मला. तिची नणंद म्हणाली, "लोक इचारतत, फिलोमिनान सोनाराचा दुकान घातल्यान काय?" फिलोमिना: "होय तर. कामाक बाई ठेवलंय. पगार नेवऱ्यो." चार नेवऱ्या खाल्ल्या, म्हणजे आपल्या करंज्याच.

७ जानेवारी
नांगराचा दांडा झाला. ऐरणीच्या निमुळत्या टोकावर, शिंगावर, दोन्ही फाळ वाकवले, एकसारखे आले. एकसारखे! कडी राहिली.

१८ जानेवारी
झाला. लिंबाने घासला, सोन्यासारखा. पदराच्या टोकात बांधून घरी आणला. गलबताला दोऱ्याने लावला आणि गलबत त्या अंगाला कलंडलं.
ह्यांच्या आराखड्याच्या कागदावर नांगर नखाएवढा काढलाय. माझा बोटाएवढा. मापच घेतलं नव्हतं. ठोकण्याच्या नादात.
फिलोमिनाला दाखवला. "शालन, ह्या नांगरान गलबत थारतला काय बुडतला गो?" हसून हसून दोघींच्या डोळ्यांत पाणी. मग माझं थांबेना. ती पाठीवर हात ठेवून बसली.

१९ जाने.
नवी पट्टी कापली. नखाएवढा करायचा म्हणजे कठीण. सकाळी लवकर गेले.

३ फेब्रुवारी
लहान नांगराचा एक फाळ मोडला. वाईट वाटलं पाहिजे होतं. उलट उद्या परत बसायला मिळणार, म्हणून घरी येताना पाय झपझप.
हे लिहिलं तेव्हाच कळलं. नांगर लागला की गलबत जाणार.

१२ फेब्रुवारी
वर्षश्राद्ध पार पडलं. नितीनने मापाचा खोका आणलाय, आत कापूस घालून. गलबत फिरवून फिरवून बघितलं. "आई, नांगर?" मोठा नांगर हातात दिला. "हा तू केलास?" अंगठा फिरवून ठोक्यांच्या खुणा चाचपल्या. मग म्हणाला, "हाच लावू ना, छान आहे." म्हटलं, माप चुकलंय. बाबांना चाललं नसतं.
खोटं नाही ते. त्यांना माप चुकलेलं कधीच चाललं नाही.

१४ फेब्रु.
नितीन गेला. खोका रिकामाच नेला, मोठा नांगर तेवढा खिशात. निघताना फिलोमिनाच्या पडवीत आला, "मेमध्ये येतो. तोपर्यंत होईल ना?"
पट्टी लाल होत आली होती. नजर हटवली असती तर वितळली असती. मी बघितलंच नाही वर.