एकाच रुळाची लाइन

साहेब, तुम्हाला मराठी येत नव्हतं आणि मला चौथीच्या पुढे शाळा नाही, तरी लिहितोय. तुम्ही गेलात तेव्हा तुमच्या देशात पत्र कुणाला घालायचं तेही मला ठाऊक नव्हतं.

इथे दोह्याला गॅस प्लांटचं काम चालू होतं तेव्हाच्या दुपारी आठवतात. तुम्ही आमचे फोरमन, पण जेवायला आम्हा फिटर लोकांतच, पाइपांच्या सावलीला बसायचात. डबा उघडला की तुमच्या गावच्या रेल्वेची गोष्ट निघायची. डोंगरातलं लाकूड खाली आणायला घातलेली लाइन. लाकूड संपलं, मग शाळेची पोरं जाऊ लागली. पोरं मोठी होऊन शहरात गेली, तेव्हा गाडीला एकच डबा उरला. ड्रायव्हरच तिकिटं घ्यायचा आणि भाजीवाली म्हातारी धावत येताना दिसली तर थांबायचा. तुमचे वडील तिथले स्टेशनमास्तर. रूळ एकच, म्हणून ते ड्रायव्हरच्या हातात एक मोठं कडं द्यायचे. कडं मिळाल्याशिवाय गाडी हलवायची नाही.

मला आमचा कफील, म्हणजे व्हिसा देणारा अरब मालक, आठवला. मी हसून म्हटलं, "साब, हमारा भी ऐसाच है. कफील एक्झिट के कागज पे सही नहीं करेगा, तो हम भी देश नहीं जा सकता."

तुम्ही घास खाली ठेवलात. "कडा सेफ्टी के लिए. सामने से दूसरा गाडी आता. तुम्हारे सामने से कौन आता?"

"कोई नहीं, साब."

"फिर?"

पलीकडून पेशावरचा वेल्डर ओरडला, "यल्ला, चलो साब, ये कफील से पूछो, नौकरी खलास!" सगळे हसले. तुम्ही मात्र माझ्याकडेच बघत राहिलात, जणू चूक माझीच होती.

पुढे तुमची लाइन बंद झाली. शेवटच्या दिवशी फलाटावर पाय ठेवायला जागा नव्हती म्हणे. "जो कभी नहीं बैठा, वो ही रोया," तुम्ही म्हणालात. आता तिथे बस जाते. त्यानंतर तुम्ही दर वेळी रजा पुढे ढकलत गेलात. 'पहले काम,' म्हणायचात. आणि इथेच, दोह्यात, छातीत कळ येऊन गेलात.

मी अजून इथेच आहे. काम सुटलं, साखर वाढली, आणि कफील सही न करताच लंडनला जाऊन बसला. रोज ऑफिसच्या दारात जाऊन उभा राहायचो. घरी मुलाने वर स्लॅब टाकला. "अब्बा, तुमची खाट हॉलात लावू," असं तो फोनवर म्हणाला. हॉलात टीव्ही, पाहुणे, नातवंडं. ती मला ओळखत नाहीत. मी दिवसभर तिथे काय करणार?

गुरुवारी ऑफिसातला मलबारी क्लार्क म्हणाला, "चाचा, कफील आ गया, साइन हो गया! मिठाई खिलाओ!" मी त्याला शुक्रन म्हटलं.

हे पत्र पोस्टात पडणार नाही, म्हणून सांगतो. संध्याकाळी बायकोचा फोन आला. "अहो, काय कळलं का?" मी म्हटलं, "नाही गं. कफील अजून लंडनलाच आहे."